टकली साळुंकी

गेल्या महिन्यात मी एक दुर्मिळ पक्षी पाहिला. निदान साडेतीन तास तरी तो दुर्मिळ होता.

सकाळची वेळ. समोरच्या भिंतीवर तपकिरी अंगाचा एक पक्षी येऊन बसला. डोक्यावर एक पीस नाही. हळद फासल्यासारखं पिवळं कातडं, त्यात कानाचं भोक उघडं पडलेलं, आणि मान इतकी बारीक की गिधाडाचं डोकं कुणीतरी चुकून दुसऱ्याच धडाला बसवलंय असं वाटावं. माझे हात थरथरायला लागले. अकरा फोटो काढले, त्यांतल्या नऊंत नुसती भिंत आली. उरलेल्यांतला बरा फोटो पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रेकॉर्ड शॉट आहे, म्हणजे फक्त नोंदीपुरता फोटो, सांभाळून घ्या.' वरून नम्र, आतून नवी जात सापडल्याची खात्री.

साडेतीन तासांनी एका जाणत्या काकांचं उत्तर आलं. 'साळुंकी. डोक्याची पिसं झडलीत, येतील परत. चोच, पाय पाहिले नाहीत का?'

नव्हते पाहिले. चोच पिवळी, पाय पिवळे, पंखावर पांढरा पट्टा, सगळं फोटोत होतं. मी फक्त टक्कल पाहत बसलो होतो.

दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीवर जाणकार आधी संशयच घेतात, याचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेस्टिंग्ज गावाच्या आसपास अचानक एकाहून एक दुर्मिळ पक्षी मिळायला लागले. बहुतेक एकाच दुकानदाराच्या हातून गेलेले, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणाऱ्या. पक्षी परदेशातून बर्फात घालून आणले असावेत असा संशय होता. अखेर 1962 मध्ये आकडेमोड करून त्या काळातल्या शेकडो नोंदी रद्द झाल्या, आणि काही जाती देशातल्या पक्ष्यांच्या यादीतूनच गेल्या. गंमत पुढे आहे. त्यांतल्या कित्येक जाती नंतर आपल्या पंखांनी खरोखरच तिथे आल्या आणि यादीत परतल्या.

पक्षी वाट चुकतात ते वेगवेगळ्या कारणांनी. वादळ ढकलून नेतं, ढगांत दिशा कळत नाही, कुणी मुक्कामाचं ठिकाण ओलांडून पुढेच जातो. पुष्कळदा चुकणारा तरुण असतो, पहिल्याच स्थलांतराला निघालेला. कुठल्या दिशेला उडायचं हे बऱ्याच जाती जन्मतःच घेऊन येतात. ते होकायंत्रच उलटं बसलं असेल तर बिचारा मोठ्या आत्मविश्वासाने भलतीकडे जातो. माझ्यासारखाच.

पण स्टेलरच्या समुद्री गरुडाला बिचारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. याचं घर रशियाच्या अतिपूर्व किनाऱ्यावर. पंख पसरले की सहज दोन मीटरच्या वर जातो, चोच कोयत्यासारखी. त्यातला एक 2020 मध्ये अलास्कात पार आतल्या भागात दिसला. 2021 च्या मार्चमध्ये टेक्सासात, उन्हाळ्यात कॅनडाच्या पूर्व भागात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये. पंखांवरच्या पांढऱ्या खुणांवरून तो एकच असल्याचं ओळखलं गेलं. लोक थंडीत कुडकुडत दुर्बिणी लावून उभे, आणि हा मासे खाऊन निवांत. तो चुकला होता की फिरायला निघाला होता, हे त्यालाच ठाऊक.

माझा सगळ्यात लाडका दुर्मिळ पक्षी मात्र कावळा आहे. आपला रोजचा, राखाडी मानेचा गावकावळा. 1974 मध्ये तो आयर्लंडच्या एका बंदरात दिसला आणि तिथल्या पक्षीनिरीक्षकांच्या दृष्टीने तो नवलाचा पाहुणा ठरला. 1994 मध्ये नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंड बंदरात दोन पोचले. उडत नव्हे, बहुधा जहाजावर बसून, तिकीट न काढता. 1997 पासून त्यांनी तिथे घरटी बांधली. ज्याला आपण हाकलतो, त्याला पाहायला लोक दुर्बीण घेऊन मुद्दाम त्या बंदरात जायचे. पुढे कावळ्यांची संख्या वाढू लागली, तसं सरकारनेच त्यांना हटवायचं ठरवलं. एकटा होता तोवर दुर्मिळ, बिऱ्हाड थाटलं तसा उपद्रवी.

हे वाचल्यापासून खिडकीत कावळा आला की मी 'हड' म्हणण्याआधी क्षणभर थांबतो. मग म्हणतोच.

परवा ती साळुंकी पुन्हा भिंतीवर आली, म्हणजे तीच असावी. टकलावर काळपट खुंट उगवले होते, दोन दिवस दाढी न केलेल्या हनुवटीसारखे. मी आधी पाय पाहिले, मग चोच. उडाली तेव्हा पंखावरचा पट्टाही पाहून घेतला. फोटो काढला नाही. वहीत तारीख टाकून लिहिलं: साळुंकी, एक.