अर्ज माझा, पत्र मात्र कंपनीचं

ईबी-१ए म्हणजे असाधारण गुणवत्तेच्या जोरावर मिळणारं अमेरिकेचं ग्रीन कार्ड. त्याचं कौतुक करताना लोक पहिली गोष्ट सांगतात ती ही, की यात कंपनी लागत नाही. स्पॉन्सर नको, पर्म (कंपनीने आधी घ्यायची कामगार खात्याची मंजुरी) नको, आय-१४० हा मूळ अर्ज आपला आपणच भरायचा. कायद्याने हे खरं आहे. पण माझा अर्ज सगळ्यात जास्त रखडला तो एका कंपनीच्या कागदावर. तीही आत्ताची कंपनी नव्हे, केव्हाच सोडलेली चाकणची.

मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. उच्चशिक्षितांसाठीच्या ईबी-२ या वर्गात माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिल्याची तारीख, २०१७ची. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा ‘तुझी डेट काय?’ हाच प्रश्न असतो. २०२५ मध्ये भारतीयांची ईबी-२ची रांग २०१३च्या जानेवारीत अडकली होती आणि ईबी-१ची (ईबी-१ए याच रांगेत) २०२२च्या फेब्रुवारीत; त्यानंतरच्या डेटवाल्यांनी थांबायचं. ‘ईबी-१लाही रांग आहेच, मग उपयोग काय?’ असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. ईबी-२च्या मंजूर अर्जाची जुनी डेट ईबी-१ला लावता येते. म्हणजे ईबी-१ए मंजूर झालं की माझी २०१७ची डेट लगेच चालू, नंबर लागलाच. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

घरी सांगितलं तर दीर म्हणाले, ‘वहिनी, नोबेल कधी मिळालं?’ नोबेलच्या तोडीचा एखादा पुरस्कार असेल तर बाकीचे निकष खरोखरच लागत नाहीत. नसेल तर दहा निकषांपैकी किमान तीन बसवायचे, आणि ते बसले तरी अधिकारी सगळी फाइल एकत्र तोलून बघतो की ही व्यक्ती त्या क्षेत्रातल्या वरच्या मोजक्यांत आहे का. २०१०च्या काझारियन खटल्याच्या निकालापासून असे दोन टप्पे आहेत. त्यामुळे ‘माझे पाच निकष होतात’ म्हणून फुशारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, तीनच द्या, पण पक्के.

एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या परिषदांसाठी मी इतरांचे पेपर तपासले होते, तो एक. माझे स्वतःचे पेपर, तो दुसरा. जास्त पगाराचा निकष बाईंनी पहिल्याच बैठकीत खोडला. तुलना त्याच कामाच्या, त्याच भागातल्या पगारांशी होते आणि डेट्रॉइटच्या आसपास माझ्यासारखे इंजिनिअर ढिगाने आहेत. पेटंट आहे, पण नुसत्या पेटंटने ‘मोठं योगदान’ सिद्ध होत नाही. ते कोणी वापरलं, हे दाखवावं लागतं. राहिला नामवंत संस्थेतल्या कळीच्या भूमिकेचा निकष. ती भूमिका मी चाकणला केली होती. ब्रेक करकरतो त्याची चाचणी घेणारा डायनॅमोमीटर तिथे मी उभा केला. तोवर आमचे पॅड बाहेरच्या लॅबमध्ये जायचे आणि रिपोर्टची वाट बघत सगळे बसायचे.

त्या कामाचं वर्णन करणारं पत्र पुरावा म्हणून हवं होतं. तर एचआर. माजी कर्मचाऱ्यांचं पोर्टल आहे, तिथे तिकीट काढायचं, म्हणजे ऑनलाइन विनंती नोंदवायची. उत्तर आलं, सोबत अनुभवाचं प्रमाणपत्र: रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पद सीनियर इंजिनिअर, वर्तणूक चांगली. ते माझ्याकडे आधीपासूनच होतं. मी लिहिलं की मला कामाचं वर्णन हवंय. तिकीट बंद. पुन्हा काढलं. ‘मॅम, फॉरमॅट चेंज करता येत नाही.’ आईने पुण्याहून जाऊन विचारते म्हटलं, तिला मी थांबवलं. गेटवरच्या सिक्युरिटीपुढे काही झालं नसतं. शेवटी फोनवर एक मुलगी भेटली, फार गोड बोलली, म्हणाली, ‘मॅम, माझ्या हातात असतं तर दिलं असतं, पण लीगलचं अप्रूव्हल लागतं, आणि लीगल म्हणतंय एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल.’ मग द्या ना सगळ्यांना! माणसाने वर्षं घातली तिथे, दोन परिच्छेद लिहायला काय जातं? दिवाळीला मिठाईचे डबे वाटणारी कंपनी, पण तू काय केलंस हे कागदावर म्हणायला तयार नाही.

मी हे रडगाणं बाईंपुढे गायले, तर त्यांनी यूएससीआयएसचं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं, पॉलिसी मॅन्युअल उघडून दाखवलं. त्यात एचआरच हवं असं कुठेच नाही. त्या भूमिकेचं महत्त्व स्वतः जाणणाऱ्या माणसाचं तपशीलवार पत्र विशेष उपयोगी, असं म्हटलंय. म्हणजे आमचे सर, चाकणचे माझे बॉस. ते आता निवृत्त होऊन निगडीत असतात. फोन केला. ‘अगं, एवढंच ना? संध्याकाळी पाठवतो.’ पाठवलं. मी कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ. स्थळाच्या चौकशीला द्यावं तसं पत्र! सरांना तसं म्हणता येईना. मग एका रविवारी फोनवर त्यांना बोलतं केलं. कुठल्या ग्राहकाने लॉट परत पाठवला होता, चाचणी घरात आल्यावर काय बदललं, बजेटसाठी कोण अडून बसलं होतं, त्यांना सगळं आठवत होतं, माझ्यापेक्षा जास्त. ते म्हणाले तसंच त्यांच्या भाषेत उतरवलं आणि त्यांनी वाचून, दोन ठिकाणी दुरुस्त करून सही केली. स्कॅन चालते, कुरिअर नको. सगळी पत्रं वकिलाकडून एकाच साच्यात लिहून घेणारेही आहेत. मला तरी ते पटत नाही, वाचणाऱ्याला कळतंच.

पण एका निवृत्त माणसाच्या शब्दाला कंपनीच्या कागदाचा टेकू हवाच. माझ्या जुन्या लॅपटॉपवरचे रिपोर्ट गोपनीय, त्यांना हात लावायचा नाही. तुम्हीही लावू नका. आणि इथे मला जे सापडलं त्याचा मला अजून अभिमान वाटतो. भारतात कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांच्या निवेदनासोबत तंत्रज्ञान आत्मसात करण्याविषयीची माहिती द्यावी लागते, २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३४प्रमाणे. त्यात त्या वर्षी संशोधन विभागाने काय केलं ते येतं. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असली की अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट. माझ्या वर्षाचा उघडला आणि त्या रुक्ष परिशिष्टात आमचा डायनॅमोमीटर होता! नाव नाही माझं, पण सरांच्या पत्रातलं वर्ष, यंत्र आणि काम तंतोतंत जुळत होतं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या साइटवर तर अर्जदार म्हणून कंपनी आणि संशोधक म्हणून मी, दोघी शेजारी शेजारी. लीगलला विचारायची गरजच उरली नाही.

पुढचं भरभर झालं. प्रीमियमची, म्हणजे लवकर निकालाची, जादा फी (तेव्हा २,८०५ डॉलर होती) भरली की पंधरा कामकाजी दिवसांत काहीतरी उत्तर येतंच. मला मंजुरी आली. आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस, नाही. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून सरांना फोन केला, तिकडे मध्यरात्र होती याचं भानच नव्हतं.

हो, फीचं सांगायचं राहिलं. आय-१४०चे ७१५ आणि असायलम प्रोग्राम फी वेगळी. मोठ्या कंपनीला ती ६००, स्वतःसाठी अर्ज करणाऱ्याला ३००. फॉर्मवर सेल्फ-पिटिशनर (स्वतःसाठी अर्ज करणारे) असल्याचं नोंदवा आणि दोन्ही रकमा वेगवेगळ्या भरा.

गावाकडच्या पेपरात माझ्यावर बातमी आली होती, तीही लावावी असं सासऱ्यांचं म्हणणं. पण पुरावा म्हणून लावायच्या बातमीवर मथळा, तारीख आणि लेखकाचं नाव हवं. आमच्या बातमीवर नुसतं ‘प्रतिनिधी’. सोडून दिली. मराठी कागद लावणार असाल तर पूर्ण भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं निवेदन लागतं, नोटरी नको.

सध्या कंपनी सोडणार असाल तर नोटीस पीरियडमध्येच, बॉस खुर्चीत असताना, लेटरहेडवर लिहून घ्या. तारखा एचआर देतंच. तुम्ही नसता तर काय अडलं असतं, ते बॉसकडून हवं.

आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आता गेलाय. मेडिकलचा आय-६९३ त्याच्याबरोबरच द्यावा लागतो, डिसेंबर २०२४ पासून तो नंतर दिलेला चालत नाही. आणि ईबी-२च्या जुन्या मंजुरीची नोटीस आय-१४०लाही जोडा, आय-४८५लाही. जुनी डेट त्याच कागदावरून धरतात.