चावलेलं नाणं

बाबांच्या पान्यांच्या डब्यात वीस पैशांचं एक पितळी नाणं असायचं. कमळाचं. १९६८ ते १९७१ या काळातलं. त्यात सोनं असतं अशी अफवा उठली होती आणि लोकांनी ती नाणी देवाच्या डब्यात जपून ठेवली होती. आमचं नाणं मात्र ग्रीसमध्ये लोळत पडलेलं, आणि त्याच्या कडेला दातांचे ठसे. सोनं आहे का ते बघायला कुणीतरी चावून पाहिलं असणार, असं मी लहानपणी ठरवून टाकलं होतं. कोण, ते मात्र विचारलं नाही.

बाबांनी पुण्यात बरीच वर्षं रिक्षा चालवली. परमिट नव्या गाडीवर गेलं, जुनी भंगारात गेली, पण तिचं इंजिन बाबांनी काढून घेतलं आणि पोत्यात बांधून जिन्याखाली ठेवलं. बजाजचं टू-स्ट्रोक, मागच्या इंजिनाचं. (आधी इंजिन पुढे असायचं; मागचं १९७७ साली आलं.) या उन्हाळ्यात एकदम म्हणाले, "इंजिन खोलू. पूर्ण काम करू."

"बांधून करणार काय?" आईनं विचारलं. "पाट्यावरवंट्याला जोडणार?"

तिला उत्तर मिळालं नाही. मलाही नको होतं.

हेड, सिलिंडर, पिस्टन तासाभरात निघालं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणाऱ्या इंजिनाच्या पोटात जेवढी काजळी असायची तेवढी होती. खरा मुक्काम पडला तो क्लचपाशी. क्लच निघाल्याशिवाय क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणारा दांडा, निघत नाही, आणि क्रँक निघाल्याशिवाय इंजिन खोललं असं म्हणायची सोय नाही.

झाकण काढलं की आत पोळ्यांच्या डब्यासारखी चवड दिसते. एक लोखंडी प्लेट, एक बुचाची, पुन्हा लोखंडी, पुन्हा बुचाची, आणि ती सगळी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. डाव्या मुठीतला दांडा आवळला की स्प्रिंगा दबतात, प्लेटा एकमेकींपासून सुटतात, इंजिन आपल्या जागी फिरत राहतं आणि चाक निवांत उभं. सिग्नलला रिक्षावाला मान बाहेर काढून शेजारच्याशी निवडणुकीवर बोलू शकतो तो याच्या जिवावर.

बूच म्हणजे खरोखरच बूच, बाटलीचं असतं तेच. जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाड तोडत नाहीत, नुसती साल सोलतात, आणि पुन्हा सोलायला नऊ वर्षं थांबतात. पोर्तुगीज इथे काय काय ठेवून गेले ते सगळे सांगतात; मंडईतून कांद्याची पोती ओढणाऱ्या रिक्षात त्यांच्या झाडाची साल असावी, हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

क्लच क्रँकवर बसवलेला असतो तो एका नटानं. हा नट नेहमीचा नाही. याला सहा पैलू नसतात, वरच्या कडेला खाचा असतात, मुकुटासारख्या. नेहमीचा पाना त्याला लागतच नाही. आधी खालच्या वायसरचा दुमडलेला कान सरळ करायचा, मग त्या खाचांत बसेल असा दातांचा पाना लावायचा. आमच्या नटाच्या खाचा मात्र चेमटून गेल्या होत्या.

"कुठल्या गाढवानं छिन्नी मारलीय," बाबा म्हणाले. "असं काम करणाऱ्याच्या हातात पाना देऊ नये."

मग पाच मिनिटं प्रवचन झालं. नवशिके फिटर, हातोडीनं सगळं सुटतं असं समजणारे, आटे घालवणारे. आई भाजी निवडत ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, "कात्रजच्या घाटात रात्रभर कोण होतं मग?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. शिरवळचं भाडं सोडून परत येताना चढाला क्लच सरकायला लागला होता, पाऊस होता, पाना नव्हता, छिन्नी होती. एवढंच सांगितलं. गाढवाचा विषय तिथेच संपला.

ज्यानं हे यंत्र मुळात योजलं तो माणूस विमानांचा, हेलिकॉप्टरचा इंजिनिअर होता. कोरादिनो दास्कानिओ. त्याला मोटरसायकली आवडत नसत, म्हणून त्यानं चेन टाळली आणि गिअर नि क्लच दोन्ही डाव्या मुठीत दिले. त्याची १९४६ची स्कूटर ती व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. १९४८ची तीनचाकी ती आपे, म्हणजे मधमाशी. गावाकडे ॲपेत मागे लटकून जाताना कुणाला मधमाशी आठवत नाही, मधमाश्यांचं पोळं मात्र दिसतं. दोन्ही इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या; तिच्या परवान्यावर आकुर्डीत बजाजच्या गाड्या झाल्या आणि पुढे त्या आपल्याच होऊन गेल्या.

खास पाना नव्हताच. बाबांनी एक जुना सॉकेट घेतला आणि दुपारभर कानशीनं घासून त्याला दात पाडले. बसला. पण आता दुसरी अडचण. इंजिन गाडीवर नाही, टेबलावर. नट फिरवला की क्रँकही फिरतो, आणि आपण नुसते त्याच्याबरोबर फेर धरल्यासारखे. मी दोन्ही हातांनी क्लच धरून बघितला. हसण्याखेरीज काही झालं नाही.

बाबा उठले, डबा उचकला आणि ते नाणं काढलं. क्लचच्या गिअरचे दात जिथे मोठ्या गिअरच्या दातांत जातात, त्या बेचक्यात ते अलगद सरकवलं. "सोडताना या बाजूनं. आवळताना त्या बाजूनं. लोखंड घालायचं नाही, दात तुटतील. पितळ मऊ, ते चावून घेतं." कात्रजनंतर नाना पेठेतल्या एका मेस्त्रीनं शिकवलं होतं म्हणे.

पान्याला पाइप लावला, दोघांनी जोर दिला. नाणं करकरलं. मग टेबलासकट हादरा बसला आणि नट सुटला.

क्लच हातात आला तेव्हा क्रँकच्या खाचेतली अर्धचंद्रासारखी चावी टणकन उडून फरशीवर गेली. नखाएवढी वस्तू, पण ती नसली तर क्लचला क्रँकवर जागेवर धरून ठेवायला काही नाही. तासभर शोधली. आईच्या केरात सापडली, कोथिंबिरीच्या काड्यांत.

नव्या प्लेटा मी नाना पेठेतून आणल्या. कोरडं बूच तसंच बसवलं तर जळतं, म्हणून आधी रात्रभर ऑइलमध्ये ठेवायचं. वाल भिजत घालावेत तशा त्या आईच्या स्टीलच्या पातेल्यात घातल्या. पातेलं तिनं आम्हालाच देऊन टाकलं.

रविवारी इंजिन बांधलं. नाणं त्या बाजूनं घातलं, नट आवळला, वायसरचा कान दुमडला. बाबांनी नाणं उजेडात धरून पाहिलं. एक दात वाढला होता. शर्टाला पुसून त्यांनी ते डब्यात टाकलं, आणि इंजिन जिन्याखाली गेलं. या वेळी पोत्याच्या आत जुनी चादरही गुंडाळली.