लॉर्ड्सच्या चुकीच्या फाटकाशी

सेंट जॉन्स वुड स्टेशनातून बाहेर आले तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती आणि छत्री भाच्याच्या घरी दारामागे टांगलेली. अकराची टूर, घड्याळात पावणेअकरा. लॉर्ड्स क्रिकेट मैदानाचं पहिलं फाटक दिसताच धावले, तर सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला. टूर ग्रेस गेटवरून, म्हणाला. भिंतीच्या कडेने सरळ जा, मग उजवीकडे. चरफडत फाटकावरचं नाव वाचलं: हेहो फ्लिंट.

हसूच आलं. इंग्लंडच्या या जुन्या क्रिकेट कप्तान बाईच्या नावाच्या दारात मला दोन मिनिटं अडवलं तर मी चिडले, आणि तिला इथे किती वर्षं अडवलं होतं!

आम्हा सांगलीकरांच्या कानावरून हे नाव एकदा गेलेलं असतं. आपल्या स्मृती मानधनाला २०१८ आणि २०२१ साठी आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरल्यावर मिळालेला चषक रेचल हेहो फ्लिंट यांच्याच नावाचा. तेव्हा पेपरात वाचलं आणि पान उलटलं. लंडनला यायचं ठरलं तेव्हा कुठे नीट शोधून वाचलं.

धापा टाकत ग्रुपला गाठलं. म्युझियममध्ये सगळी गर्दी अ‍ॅशेसच्या, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या, कलशापुढे. केवढासा तो, आपल्या देव्हाऱ्यातल्या अत्तरदाणीशेजारी सहज खपून जाईल. शेजारच्या काचेत १९३६ साली जहांगीर खानच्या चेंडूने मेलेली चिमणी, पेंढा भरून ठेवलेली. इंग्रज काय काय जपून ठेवतील, नेम नाही.

मग लाँग रूम. उंच खिडक्या, भिंतींवर तैलचित्रं, बाहेर डावीकडून उजवीकडे उतरत गेलेलं हिरवंगार मैदान. फलंदाज ड्रेसिंग रूममधून उतरून याच खोलीतून खेळायला जातात. गाइडने सांगितलं, १९९९ पर्यंत सामना चालू असताना या पॅव्हेलियनमध्ये बायकांना प्रवेश नव्हता, अपवाद राणीचा. १९८६ च्या दौऱ्यात आपल्या क्रिकेटपटू डायना एडुलजींनाही इथे आत सोडलं नव्हतं. मुंबईची बाई ती, गप्प कशी बसेल? लॉर्ड्सचा मालक क्लब म्हणजे एमसीसी, त्याचं नाव बदलून एमसीपी करा, म्हणाली. मेल शोव्हिनिस्ट पिग्ज. हे मी गाइडला सांगितलं, तर तो मिशीतल्या मिशीत हसला.

रेचलबाईंची तऱ्हा वेगळी. वुल्व्हरहॅम्प्टनच्या, पेशाने पीटीच्या शिक्षिका, हॉकीत इंग्लंडच्या गोलकीपर. १९६३ साली ओव्हलवर त्यांनी मारलेला षटकार हा महिला कसोटीतला पहिला. १९६६ पासून कप्तान, आणि कप्तान म्हणून बारा कसोटींत एकही हार नाही. पण मला त्यांचं खरं कसब वाटतं ते पैसे उभे करण्यात. आपल्याच गावच्या जॅक हेवर्ड या धनिकाला गाठून त्यांनी ४०,००० पौंड मिळवले आणि १९७३ मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरवला. पुरुषांचा दोन वर्षांनंतर झाला! अंतिम सामना एजबॅस्टनला. ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरवलं, त्यात बाईंच्या स्वतःच्या ६४. योगायोग असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात आपली पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश.

लॉर्ड्सचं मैदान महिलांना मिळालं ४ ऑगस्ट १९७६ ला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्याच्या काही दिवस आधीच ओव्हलवर बाईंनी साडेआठ तासांहून जास्त फलंदाजी करून १७९ काढल्या होत्या आणि कसोटी वाचवली होती. पुढच्याच वर्षी त्यांचं कप्तानपद गेलं. १९७८ च्या विश्वचषकासाठी इंग्लंडचा संघ भारतात आला, त्यात त्या नव्हत्या. राजकारण काही आपल्याच संघटनांत चालतं असं नाही.

१९९१ मध्ये त्यांनी एमसीसीच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला तो 'आर. फ्लिंट' या नावाने. पुरुष की बाई, कळायलाच नको! डाव साधला नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत बायकांना सदस्य करून घ्यायचं का यावर मतदान झालं, लागणारी दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. सप्टेंबरमध्ये पुन्हा झालं तेव्हा ७० टक्के सदस्यांनी होकार दिला. क्लबचं वय तोवर २११ वर्षं. पहिल्या दहा मानद आजीव सदस्यांमध्ये बाई होत्या, आणि २००४ मध्ये त्याच क्लबच्या कमिटीवर गेल्या. पुढे आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिली महिला, मग हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बॅरोनेस. जानेवारी २०१७ मध्ये त्या गेल्या. त्याच जुलैत या मैदानावर महिला विश्वचषकाचा इंग्लंड-भारत अंतिम सामना झाला, स्टेडियम तुडुंब. आपण नऊ धावांनी हरलो. पूनम राऊतच्या ८६ आठवल्या की अजून चुटपुट लागते. आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो, आमटी करपल्याचं कुणाला कळलंही नाही.

टूर संपल्यावर सगळे दुकानात शिरले. मी मात्र भिंतीच्या कडेने परत वरच्या फाटकाशी गेले. सिक्युरिटीवाला तोच. मोबाइल त्याच्या हातात दिला आणि नावाखाली उभी राहिले. त्याने मन लावून तीन फोटो काढले. घरी येऊन बघते तर तिन्हीत मी हसतेय, वर 'हेहो' स्पष्ट दिसतंय, आणि 'फ्लिंट' त्याच्या अंगठ्याखाली गेलंय.