विनोदी सायट्रान्स अल्बमचं परीक्षण: माझा अनुभव

सायट्रान्समध्ये, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या वेगवान नाचसंगीतात, विनोद करणं हे तबलजीनं समेला हुलकावणी देण्यासारखं असतं. नकळत हुकली तर हात कच्चा. जाणूनबुजून हुकवली आणि पुढच्या आवर्तनात नेमक्या जागेवर आला, तर ऐकणारा खूश. विनोदी सायट्रान्स अल्बमचं परीक्षण करायला घेतलं तेव्हा मला मुख्यतः एवढंच ठरवायचं होतं: नऊ ट्रॅक, ७६ मिनिटं, आणि त्यात जिथे जिथे काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, तिथे हात कच्चा आहे की हुलकावणी आहे? परीक्षण वेगळं लिहून झालंय, म्हणून अल्बमचं नाव इथे घेत नाही. ते लिहिण्यासाठी काय काय मोजलं आणि कुठे फसलो, तेवढंच इथे.

आधी चौकट, कारण विनोद तिच्या कडकपणावरच जगतो. सायट्रान्सचा वेग साधारण १३८ ते १५० बीट (मात्रा) प्रति मिनिट. प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा धप्प ठोका, आणि दोन किकच्या मधल्या जागेत बेसचे तीन ठोके. किक-बेस-बेस-बेस, असे मात्रेचे चार पाव. हा अल्बम बहुतांश १४५वर आहे. तिथे एक मात्रा ४१४ मिलिसेकंदांची, पाव मात्रा १०३ मिलिसेकंदांची आणि चार मात्रांचा बार १.६६ सेकंदांचा. नवं काही यायचं ते ८, १६ किंवा ३२ बारांनी येतं. १६ बार म्हणजे २६.५ सेकंद. नाचणाऱ्याला हे आकडे सांगता येणार नाहीत, पण त्याच्या पायांना ते पाठ असतात. १६ बार भरत आले की अंग आपोआप पुढच्या वळणाची वाट बघू लागतं. विनोद करणाऱ्याला आणखी काय हवं!

तसं पाहिलं तर या संगीताच्या मुळाशीच एक गंमत आहे. रोलँड या जपानी कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र १९८१मध्ये आलं, ते एकट्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून. ते बेस गिटारसारखं कधी वाजलंच नाही. १९८४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि मग पडेल भावात हातोहात फिरणाऱ्या त्या यंत्राची किरकिर अ‍ॅसिड हाउस या नाचसंगीतातून गोवा ट्रान्सपर्यंत, म्हणजे सायट्रान्सच्या पूर्वजापर्यंत, पोचली. नव्वदच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावरून हा प्रकार जगभर गेला आणि बहुतेकांनी तो फार गंभीरपणे घेतला. फिनलंडमधल्या काहींनी मात्र घेतला नाही. त्यांच्या शैलीला सुओमिसाउंडी म्हणतात. सुओमी म्हणजे फिनलंड, साउंडी म्हणजे आवाज. उसळता, फंकसारखा बेस, खेळण्यातल्यासारखे सूर, मध्येच वाट सोडून भटकणारी रचना. माझ्या हातातला अल्बम याच घराण्याच्या जवळचा. परीक्षणाच्या दुसऱ्याच वाक्यात हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर वाचक त्याला फुल-ऑन या सायट्रान्सच्या गुळगुळीत प्रकाराची फूटपट्टी लावतो आणि उगाच निराश होतो.

ऐकण्याची तयारी कंटाळवाणी आहे, पण निम्म्या चुका इथेच होतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकून मत बनवू नये. या ट्रॅकांचा बेस बहुतेक जागी ४४ ते ४९ हर्ट्झच्या आसपास आहे, आणि ते छोटे स्पीकर शंभराच्या खाली फारसं काही देतच नाहीत. मग बेस गायब होतो आणि वर फक्त चिवचिवाट उरतो. गंभीर संगीताखाली कोणीतरी चेष्टा करतंय ही जी मजा आहे, ती गंभीर भागच ऐकू न आल्यामुळे संपते. मी बंद कपांचे हेडफोन वापरले, आणि एकदा मोठ्या वूफरचे स्पीकर.

प्लेअरमधली क्रॉसफेडची (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळण्याची) सोय बंद केली. आवाजाची पातळी समान करणारी सोय असेल तर ती ‘ट्रॅक’वर नाही, ‘अल्बम’वर ठेवायची. यात मी पहिल्यांदा फसलो. तिसऱ्या आणि चौथ्या ट्रॅकच्या दरम्यान ४० सेकंदांचा एक तुकडा आहे: दूरच्या खोलीत कोणीतरी हाच ट्रॅक शिट्टीवर वाजवतंय, अगदी बारीक आवाजात. तो तुकडा वेगळी फाइल म्हणून आलेला. ‘ट्रॅक’ पद्धतीत प्लेअरनं त्याला बाकीच्यांइतकाच मोठा केला. दूरची खोली कानाशी आली आणि विनोद मेला. मी ‘निरर्थक मध्यंतर’ असं लिहूनही ठेवलं होतं!

फाइलही एफएलएसी किंवा वेव्हच, म्हणजे मूळ आवाजातलं काही न गमावणारी, घ्यावी. एमपी३ करताना सुरुवातीला साधारण २५ मिलिसेकंदांची शांतता भरली जाते, शेवटीही थोडी. प्लेअरला ती कापता आली नाही तर दोन ट्रॅकांच्या सांध्यावर ठोका अडखळतो. नेहमीच्या अल्बममध्ये चालून जाईल. इथे सहावा ट्रॅक प्रश्न विचारून संपतो आणि सातवा त्याच बीटवर उत्तर देतो. पाव मात्राच १०३ मिलिसेकंदांची असताना २५चा धक्का कानाला लागतो, आणि दोष निर्मात्याच्या नावावर जातो.

पहिल्यांदा ऐकताना टिपणं काढायची नाहीत. कागदावर फक्त हसू आलं ती वेळ लिहायची. का आलं ते नाही. माझ्या कागदावर ११ वेळा आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कोरा कागद घेऊन. असं पाच वेळा. पाचव्या खेपेला ११पैकी ४ उरल्या, आणि एक नवीनच आली, जी आधी ऐकूच आली नव्हती. गळलेल्या सातपैकी पाच बोललेल्या वाक्यांच्या होत्या: जुन्या चित्रपटासारखा घोगरा आवाज, गंभीर घोषणा, मग ड्रॉप (चढणीनंतर ठोका पूर्ण जोरात परत येतो ती जागा). बोललेला विनोद दुसऱ्यांदा माहीत झालेला असतो आणि तिसऱ्यांदा शिळा. उरलेले चारही लयीतले किंवा सुरातले. म्हणून परीक्षणात जागा वाटताना बोलक्या सॅम्पलांना, म्हणजे दुसरीकडून उचललेल्या आवाजांच्या तुकड्यांना, एकच वाक्य दिलं.

दुसरी फेरी मोजणीची. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उघडायचा, पहिल्या किकच्या उंचवट्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-बी दाबून खूण करायची, आणि प्रत्येक १६ बारांनी तसंच. वेग ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नये. ते कधीकधी १४५च्या जागी ७२.५ दाखवतं, आणि बेसचे ठोके उड्या मारत असतील तर भलताच आकडा. अर्ध्या मिनिटातल्या किक बोटांवर मोजून दुप्पट केल्या की पडताळा होतो.

या मोजणीनं माझं एक मत पार उलटं केलं. चौथ्या ट्रॅकमध्ये, ऐन भरात असताना, ठोका एकदा सटकतो. सीडीवर ओरखडा असावा तसा. पहिल्या मसुद्यात मी त्याला ‘संकलनातली ढिलाई’ म्हटलं होतं. खुणा लावल्यावर कळलं, की तो १६ बारांचा भाग २६.४८ सेकंदांऐवजी २६.३८चा आहे. म्हणजे २५६ पाव मात्रांऐवजी २५५; नेमकी एक गायब. नेमकी असली तरी चूक असू शकते, कापताना एक घर इकडेतिकडे होतं. मग सांधा मोठा करून बघितला. कच्च्या कापणीत तिथे टिचकीसारखा आवाज असतो आणि आधीच्या सुरांचा प्रतिध्वनी मध्येच तुटतो. इथे प्रतिध्वनी न तुटता पुढे जात होता. म्हणजे कापाकापी तयार फाइलवर झालेली नाही, रचनेतच झाली आहे. आणि तरीही खात्री पटली ती पुढे ६४ बारांनी. तिथला भाग २६.५९ सेकंदांचा निघाला, २५७ पाव मात्रांचा. चोरलेली पाव मात्रा परत केलेली! तिथे बेस एक ठोका जास्त वाजवून क्षणभर थबकतो, खिशातून सुटे काढून मोजून दिल्यासारखा. पाचव्या ऐकण्यात आलेलं ते नवीन हसू हेच होतं.

तेव्हापासून माझी कसोटी ठरली आहे. बिघाड एकदाच आणि कुठेही आला तर चूक धरायची; रचनेतल्या महत्त्वाच्या जागी आला, किंवा पुढे त्याची परतफेड झाली, तर हुलकावणी. याच कसोटीवर आठवा ट्रॅक नापास झाला. तिथे बेस किकच्या शेवटी रेंगाळणाऱ्या सुरापेक्षा किंचित चढा लागतो, सात मिनिटं तसाच राहतो आणि कुठेच त्याचं काही होत नाही. विनोदी अल्बम आहे म्हणून ते खपवून घ्यायचं कारण नाही.

सुरांचा विनोद आपल्या कानांना लवकर कळतो, कारण या संगीताचा आवडता सप्तक-प्रकार फ्रिजियन, म्हणजे आपला भैरवी थाट: रे, ग, ध, नी कोमल. सा आणि कोमल रे यांच्यात घोटाळणारा बेस ही तर सायट्रान्सची सहीच. दुसऱ्या ट्रॅकमध्ये पाच मिनिटं हे गूढ घोटाळणं चालतं, दीड मिनिटाची चढण चढते, आणि ड्रॉपला सगळे स्वर एकदम शुद्ध होतात. बिलावल! वर अकॉर्डियन, जत्रेतल्या पाळण्यासारखी चाल. किक आणि बेसचा ठोका मात्र तसूभर हललेला नाही. ‘मध्येच आनंदी सूर येतात’ एवढंच लिहिलं असतं, तर यातलं काहीच पोचलं नसतं.

एका जागी मी फार काळ अडलो. पाचव्या ट्रॅकमध्ये संस्कृत मंत्राचं सॅम्पल आहे. सायट्रान्समध्ये अशी सॅम्पलं भरपूर असतात आणि चौकटीत बसवण्यासाठी शब्द मधोमध कापलेले असतात. परदेशी श्रोत्याला तो नुसता गूढ आवाज वाटतो. आपल्याला अर्धा शब्द ऐकू येतो आणि हसू फुटतं. ते हसू अल्बमचं नाही, आपलं आहे. त्याचं श्रेय निर्मात्याला देऊ नये आणि त्यावरून त्याला झोडपूही नये. पण इथे ‘शिवाय’ कापून फक्त ‘वाय, वाय, वाय’ उरतं, इंग्रजीतल्या ‘का?’सारखं. सोळाव्या बाराला एक यांत्रिक आवाज कंटाळून ‘माहीत नाही’ असं इंग्रजीत म्हणतो. म्हणजे कापणाऱ्याला आपण काय कापतोय ते ठाऊक होतं, आणि टोपी मंत्रावर नाही, मंत्र चिकटवून अध्यात्म विकणाऱ्या ट्रान्सवर उडवलेली आहे. हे परीक्षणात सविस्तर लिहिलं, कारण मराठी वाचकाला पहिला प्रश्न हाच पडणार होता.

मोनोमध्येही, म्हणजे दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून, एकदा ऐकून घेतलं. दोन ठिकाणी डाव्या-उजव्या कानांत पळापळ करणारे आवाज मोनोत जवळजवळ पुसले जातात. दोन्ही बाजूंना उलट फेजमध्ये, म्हणजे एकाच्या लाटा दुसऱ्याच्या बरोबर उलट्या, ठेवले की असंच होतं. मोनो यंत्रणेवर वाजवणाऱ्याला हे सांगायला हवं.

डीजेसाठी दोन-तीन वाक्यं वेगळी लागतात. टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करायची नेहमीची मर्यादा अधिक-उणे ८ टक्के, म्हणजे १४५चा ट्रॅक १३३ ते १५७पर्यंतच ताणता येतो. सातवा ट्रॅक १२०वर सुरू होऊन हळूहळू १४५ गाठतो. सुरुवातीला १४५च्या दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकशी तो जुळवताच येत नाही. शेवटून जुळवता येतो. पहिल्या ट्रॅकला सुरुवातीचे साधे ३२ बारच नाहीत, थेट शिंकेनं सुरुवात. घरी छान, मिक्समध्ये डोकेदुखी. तुलनेसाठी गंभीर अल्बम शेजारी लावताना पातळीही जुळवली. हा उणे १३ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास, दुसरा उणे ८च्या. दुसऱ्याला ५ डेसिबल खाली आणल्यावरच तुलना न्याय्य झाली. मोठा आवाज नेहमी जास्त भरीव वाटतो आणि विनोदी अल्बम उगाच किरकोळ ठरतो.

लिहिताना नियम एकच पाळला: एक विनोद पूर्ण उलगडायचा, बाकीच्यांचा फक्त पत्ता द्यायचा. उलगडण्यासाठी बिलावलचा निवडला, कारण तो माहीत असूनही पुन्हा हसवतो. चोरलेल्या पाव मात्रेबद्दल ‘चौथ्या ट्रॅकमध्ये ठोके मोजत राहा’ एवढंच. ‘भन्नाट’, ‘अतरंगी’, ‘वेगळ्याच दुनियेत नेणारा’ हे शब्द मसुद्यात सात वेळा आले होते; सगळे काढल्यावर लेख ८२० शब्दांवरून ६४०वर आला. तारांकन दिलं नाही. हसवण्याला चार आणि आवाजाच्या कामाला तीन तारे देऊन सरासरी काढली, तर त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा?

शेवटचा पेच नवव्या ट्रॅकचा. संगीत आठव्या मिनिटाला संपतं, मग पाच मिनिटं शांतता, आणि त्यानंतर ४० सेकंदांचं काहीतरी. पहिल्या दिवशी मी हेडफोन काढून ठेवले होते, त्यामुळे ते ऐकलंच नाही. ऑडॅसिटीत सपाट रेघेनंतर उभा राहिलेला छोटा उंचवटा दिसला तेव्हा कळलं. ते काय आहे हे सांगून टाकलं तर उरतं काय, आणि काहीच न सांगावं तर निम्मे वाचक शांततेतच उठून जाणार. म्हणून ट्रॅकांच्या यादीत बाकी कुणाचीही लांबी दिली नाही, फक्त नवव्यापुढे लिहिलं: १३ मिनिटं ४० सेकंद.