तो कामधंदा काय करस?

परवा दुपारी जळगावात पारा 44 वर होता. कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि उठून बादली कोणी ओतायची यावर घरात सगळ्यांचं मौन. बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेली. ती जुने पेपर पसरून वर्षाचे गहू निवडत बसली होती आणि भिंतीला टेकवलेल्या तिच्या मोबाइलमधून एक बाई फार हळुवार आवाजात कादंबरी वाचून दाखवत होती. भाग 114. "त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं."

तरळलं!

पन्नाशी उलटली माझी. लग्नं झाली, मयती झाल्या, मुलीची पाठवणी झाली, रडण्याचे सगळे प्रकार बघून झाले, पण पाणी तरळताना काही मी कोणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. आमच्याकडे पाणी, डोळ्यांना काय आणि नळाला काय, एकतर येतं नाहीतर येत नाही. आलं की आवाज करत येतं.

पण या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. सहावीत असताना तो मी मोठ्याने वाचला होता, आठ-दहा बायकांसमोर, आणि वाचताना "तळरलं" असं वाचलं होतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठचं. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय होतं. सार्वजनिक वाचनालयांचा कायदा 1967 चा. त्याखालच्या नियमांत अनुदानासाठी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. आमचं ड, म्हणजे आमच्यासारखंच जेमतेम पास. दोन कपाटं, एक टेबल, घडीच्या दांडीला अडकवलेले पेपर, आणि ते सांभाळणारे एक निवृत्त गुरुजी. गुरुजी पुस्तक देताना आणि घेताना थुंकी लावून पानं मोजत. त्या थुंकीमुळे प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तपकिरी झालेला असे.

आखाजीला गावात पत्त्यांना मुभा. एरवी पोरांना चिंचोके खेळताना पाहिलं तरी कान पिळणारे आप्पा, जिभाऊ, नाना असे सगळे मारुतीच्या पारावर उघड डाव मांडून बसत. बायकांच्या वाट्याला झोका होताच, पण तो सकाळ-संध्याकाळ. भर दुपारी झोक्यावर कोण बसणार? दुपारी माजघर सारवून थंडगार केलेलं असायचं आणि मध्ये भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. बियाण्याच्या शेंगा हातानेच फोडायच्या. दाण्याचं लाल साल निघालं तर ते बी उगवत नाही, म्हणून अंगठ्याने अलगद दाबून. दोन दिवसांत अंगठा सुजतो. असे सगळ्यांचे हात गुंतलेले, तोंडं मोकळी आणि कान रिकामे. मग कोणीतरी म्हणायचं, "वाच रे भो."

मीच का, तर मी शेंगा फोडण्यापेक्षा खातो जास्त हे सिद्ध झालं होतं.

कादंबरी कोणाची याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. पुण्या-कोल्हापूरकडे फडके आणि खांडेकर यांच्यावरून कलेसाठी कला की जीवनासाठी कला असा मोठा वाद होऊन गेला, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या माजघरात कला शेंगा फुटाव्यात म्हणून होती. पुस्तकाचं नावही कोणी विचारत नसे. "कालची", "ती डॉक्टरवाली", "जिच्यात सासू जिन्यावरून पडते ती" एवढ्यावर भागायचं.

आणि मोठी माय. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्याइतका कडक समीक्षक मी पुढे पाहिला नाही. नायक पहिल्यांदा आला की पुस्तकात त्याचा उंच बांधा, कुरळे केस, दमदार आवाज, असं पाऊण पान चालायचं. मोठी माय ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "ते ऱ्हाऊ दे. तो कामधंदा काय करस?"

मी पुढे शोधायचो. "कारखानदार आहे."

"कसाना कारखाना?"

इथे मी अडकायचो. पुस्तकात ते नसायचंच. तीनशे पानं तो माणूस कारखान्यातून थकून येतो, कारखान्यात संप होतो, कारखाना गहाण पडतो, नायिकेचे दागिने विकून सुटतो, पण तिथे काय तयार होतं हे त्याच्या आईलाही माहीत नसावं. आता जळगावात कोणी कारखानदार भेटला तर डाळीचा की पाइपाचा की चटईचा, हे चहा यायच्या आत विचारून होतं. आमच्या लोकांना त्याशिवाय माणूस दिसतच नाही. मोठी माय तर पुढे जाऊन शेती कितली शे, विहिरीला पाणी शे का, हेही विचारायची. आणि उत्तर मिळालं नाही की त्या नायकावरचा तिचा विश्वास उडायचा. "देऊ नका रे पोर त्याले," असं ती खरोखर कळवळून सांगायची.

परवा बहिणीलाही मी तेच विचारलं. "तो कोण आहे?"

"सीईओ."

"कशाचा?"

तिने गव्हातला खडा काढून बाजूला टाकला. "कंपनीचा," म्हणाली.

म्हणजे 114 भाग होऊन गेले तरी प्रगती काही नाही.

माझी दुसरी तक्रार हवेबद्दल आहे. या कादंबऱ्यांत कोणाला घाम येत नाही. नायिकेच्या कपाळावर फार तर दवबिंदूंसारखे घर्मबिंदू. प्रेम जमतं ते महाबळेश्वरला, नाहीतर माथेरानला, निदान पुण्याच्या टेकडीवर संध्याकाळच्या वाऱ्यात. आमच्याकडे वैशाखात दुपारी कोणी कोणाचा हात हातात घेतला तर दुसरा आधी विचारेल, ताप आहे का. खान्देश त्या पुस्तकांत क्वचित यायचा, आणि आला तरी शिक्षा म्हणून. प्रामाणिक नायकाने वरिष्ठांशी भांडण केलं की त्याची बदली धुळ्याला. नायिका हे ऐकून खुर्चीचा हात घट्ट धरते. मी हे वाचलं तेव्हा माजघरात शांतता पसरली. फुईने, म्हणजे आत्याने, विचारलं, "धुयाले? मंग रडाले काय व्हयनं तिले?" तिची नणंद धुळ्यालाच दिली होती आणि ती मजेत होती. भुसावळ मात्र बऱ्याचदा यायचं. पण तिथे कोणी उतरायचं नाही, गाडी बदलायची. रात्री दोनला फलाटावर एक चहा, एक सुस्कारा, आणि निघाले पुढे. भुसावळला रेल्वेत असलेले आमचे मामा याच फलाटावरून गुलशन नंदांची हिंदी पॉकेट बुकं घ्यायचे आणि म्हणायचे, आपल्याला ज्या स्टेशनात ड्यूटी त्याच स्टेशनात लोकांचं प्रेम तुटतं, कमाल आहे.

दिवाणखान्यावर आमचा एक संपूर्ण दिवस गेला. "दिवाणखाना काय ऱ्हास?" मी म्हटलं, बैठकीची खोली. "मंग बैठक म्हन ना." तेव्हापासून मी वाचता वाचता परस्पर बदल करू लागलो. दिवाणखान्याची बैठक झाली, व्हरांड्याचा ओटा झाला. कॉफीचा चहा केला, कारण कॉफी आली की कोणीतरी ती कशी लागते हे विचारायचं आणि ते मलाही माहीत नव्हतं. मोरपिशी साडी तेवढी तशीच ठेवली. तिचा रंग सगळ्यांना बरोबर कळला.

गैरसमजाचं प्रकरण आलं की मग माजघर हातात राहत नसे. नायकाला दुसऱ्या बाईबरोबर पाहून नायिका काही न विचारता निघून जाते आणि पुढची दीडशे पानं दोघं झुरत राहतात. "इचारी ले ना तेले! मुकी शे का?" असा तीन-चार दिशांनी आरडाओरडा. एक शेंग तर माझ्या अंगावरही आली, जणू मीच तिला गप्प बसवलं होतं.

चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या मात्र आमच्या हाती देत नसत. ती पुस्तकं गुरुजी टेबलाच्या खणात ठेवत आणि काही ठरावीक प्रौढ सभासदांना पेपरात गुंडाळून देत. त्यामुळे त्यांच्याबद्दल मनात काय काय होतं. पुढे कळलं की त्यांची 'श्यामा' ही 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकातली कथा अश्लील म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच 1969 मध्ये त्यांच्या कादंबरीवरून काढलेला 'दो रास्ते' आला आणि घरच्या घरं बैलगाड्या जोडून तो पाहायला गेली. कोर्टात तोच लेखक, टॉकीजला तोच. अकरावीत असताना खणातलं एक पुस्तक माझ्या हाती लागलं. एका रात्रीत संपवलं. न्यायालयाचं म्हणणं बरोबर होतं, असं मोठ्या निराशेने कबूल करावं लागलं.

आमच्या दुपारच्या पुस्तकांतही अधूनमधून नायकाचा चेहरा फार जवळ यायचा, आणि फुई शेंगांवरून नजर न काढता म्हणायची, "तितलं सोडी दे. पुढे वाच." मी एक पान उलटायचो. फुई सातवी पास होती, नीट वाचायची. पण दुपारी तिला ऐकायलाच आवडे. रात्री सगळे गच्चीवर झोपले की ती कंदील घेऊन खाली यायची आणि मी सोडलेलं पान वाचून टाकायची. बहुतेक पुढचंही. मी पाणी प्यायला उतरलो की ती पुस्तक मांडीखाली सारून म्हणायची, "काय रे, तहान लागनी?"

कॉलेजात आमच्याच जिल्ह्यातल्या, यावल तालुक्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांची 'कोसला' वाचली आणि मी या सगळ्या कादंबऱ्यांना हसायला शिकलो. चांगली सात-आठ वर्षं हसलो. नोकरी लागल्यावर बसस्टँडवर एक घेतली आणि पाचोरा येईपर्यंत पुन्हा अडकलो. आता घेतो, वाचतो, विसरतो. फक्त शेवटचं पान आधी वाचतो. दुकानात उभ्या उभ्या. बायको म्हणते, मग पैसे कशाला घालवायचे? मला आधी पाहून ठेवायचं असतं, एवढंच.

ही खोड त्याच आखाजीची. पुस्तक संपायला वीसेक पानं उरली होती आणि मला नदीवर पळायचं होतं, म्हणून अजून किती आहे ते पाहायला मी शेवट उघडला. नायिका बाळंतपणात जाते. मूल वाचतं. नायक मुलीला खिडकीशी नेऊन चांदणी दाखवतो.

मोठी मायची थोरली, आमची ताई, आदल्या पावसाळ्यात बाळंतपणात गेली होती. बोरीला पूर होता, बैलगाडी अलीकडेच अडकली. त्या वर्षी झोका दरवर्षीच्याच निंबाला बांधला होता आणि मोठी माय त्या बाजूचं दार लावून घ्यायची.

"सातवा लागना का तिले?" मोठी मायने विचारलं. तिला नायिकेची फार काळजी लागली होती. दोन दिवस ती तिला काय काय खाऊ घालायला हवं ते सांगत होती. डिंक, मेथी, अळीव. नायकाच्या कारखान्याची चौकशीही तिने सोडून दिली होती.

मी वाचत गेलो. नायिकेला दवाखान्यात नेलं, तिथपर्यंत पुस्तकातलं. पुढे पानं उलटत माझ्या मनाचं बोलत गेलो. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, सव्वा महिन्याने ती माहेरी आली आणि आखाजीला झोक्यावर बसली. पुस्तकातली भाषा अशी नव्हती, हे मलाच ऐकू येत होतं. वाचताना आवाज एकसारखा जातो आणि बनवताना अडखळतो. मी मान वर केली नाही. एकदाच केली, तेव्हा फुई माझ्याकडे पाहत होती. मग तिने पुढची शेंग उचलली.

"बरं झायं माय," मोठी माय म्हणाली, आणि सुपातले दाणे पाखडायला उठली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेलो. गुरुजींनी थुंकी लावून पानं मोजली आणि शेवटाला येऊन थांबले. शेवटचं पान नव्हतं. अगदी शिवणीपासून, सुबक काढलेलं. मी शपथा घेतल्या. धाकट्या भावाचं नाव घेतलं, बकरीचंही घेतलं. गुरुजींनी दोन रुपये दंड वहीत मांडला आणि माझा कान पिळला तो वेगळा.

घरी येऊन मी कोणाला काही बोललो नाही. दोन रुपये कुठून आणायचे या विचारात ओट्यावर बसलो होतो. दिवेलागणीला फुई बाहेर आली, पदराची गाठ सोडली, आणि दोन रुपयांची नोट माझ्या हातावर ठेवली.

दंड किती झाला, हेही मी तिला सांगितलेलं नव्हतं.