आमची वाटचाल: उभ्या बोटींचा गाळा

मुंबईतल्या दारूखाना भागातल्या आमच्या गाळ्यात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतं. "ताई, बोट स्वस्तात मिळतेय, थोडे दिवस उभी होती एवढंच." हे थोडे दिवस म्हणजे नक्की किती आणि तेवढ्यात बोटीचं काय काय झालं, ते शोधून काढण्यावर आज आमचं पोट चालतं. सुरुवात मात्र वेगळ्याच हिशोबाने केली होती.

बाबा ससून डॉकला मच्छीमारांची आऊटबोर्ड मशीनं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं, दुरुस्त करायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका पंपाच्या कारखान्यात सात वर्षं काढली आणि 2014 साली नोकरी सोडून त्यांच्यासोबत हा गाळा भाड्याने घेतला. जुन्या बोटी घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या, असं ठरलं होतं. हुनर बाबांचं, साठवलेले तीन लाख माझे.

पहिली बोट मढला एका आवारात ताडपत्रीखाली मिळाली. 18 फुटी, फायबरची, मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. मालक म्हणाला, दोन पावसाळे उभी आहे. त्याने मशीनला पाण्याचा पाइप लावला, चावी फिरवली आणि दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं. मला आकाश ठेंगणं झालं. बाबा बोटीला वळसा घालून आले, म्हणाले, "पोरी, मशीन वाजतंय ते ऐकलं. आता बोट वाजवून बघू दे." मालकाला घाई होती, त्याहून जास्त मला. 1,60,000 रुपये मोजले.

तिसऱ्या फेरीला माझगावसमोर जरा वेग घेतला, तर मशीन मागे कलताना डोळ्यांनी दिसलं. ज्या मागच्या भिंतीवर मशीन टांगतात, त्या ट्रान्समच्या आत दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं. कुणीतरी पाण्याची खोली मोजायच्या यंत्राचा सेन्सर तिथे स्क्रूने बसवला होता आणि भोकांत सीलंट भरलं नव्हतं. त्या चार भोकांतून पाणी वर्षानुवर्षं आत झिरपत राहिलं होतं. आतला थर कापला तेव्हा प्लायवूड काळंभोर, ओल्या चहापावडरीसारखं हातात आलं. बाहेरून रंग मात्र चकचकीत. सत्तर किलोच्या वरचं मशीन नुसत्या फायबरच्या कातड्यावर लटकलं होतं, आणि आम्ही दोघं त्याच्या पुढ्यात बसून समुद्रात गेलो होतो. आजही ते आठवलं की मला धडकी भरते.

दुरुस्तीला पाच आठवडे गेले. कुजलेलं सगळं खरवडून काढायचं, पोकळी पुरती वाळू द्यायची, मग मरीन प्लाय, इपॉक्सी आणि काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर. वाळवायची घाई केली तर ओल आतच कोंडते, म्हणून बाबांनी मला रोज नुसतं हात लावून परत पाठवलं. बोट विकली ती जेवढे घातले तेवढ्यालाच. घेणाऱ्या तांडेलकाकांना कापलेल्या ट्रान्समचे फोटो दाखवले, काही लपवलं नाही. त्यांनीच पुढे चार गिऱ्हाइकं धाडली, आणि त्यातल्या तिघांना बोट घ्यायचीच होती, पण आधी आम्ही बघावी असं त्यांचं म्हणणं होतं. असा हा तपासणीचा धंदा आपणहून दारात आला.

तेव्हापासून पहिल्या भेटीत चावीला कुणी हात लावत नाही. आधी लाकडी हातोडी. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. धडधाकट फायबर खणखणीत वाजतं. आत ओल असेल किंवा थर सुटले असतील, तर आवाज बसका येतो, ओल्या भिंतीसारखा. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. मी ठोकते आणि ते दुसऱ्या बाजूला तळवा टेकवून उभे राहतात. हाताला कळतं म्हणतात, आणि खरंच कळतं.

मग बूच. तळाशी पाणी काढून टाकायचं बूच असतं. पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर शाकारलेल्या, म्हणजे झाकून ठेवलेल्या बोटीचं ते काढून ठेवायचं आणि नाळ थोडी उंच धरायची, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. हौसेने बोट घेतलेल्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. मुंबईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे उघड्या पडलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन हजार लिटर पाणी. ताडपत्री फाटली, बूच जागेवर राहिलं, की बोटीचा हौद होतो. ते वजन ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर येतं आणि तळाला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या तडकतात. म्हणून आम्ही आतल्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ शोधतो. पाणी काढून टाकलं तरी ती रेघ पुसायचं सहसा कुणाला सुचत नाही.

चावी का नाही, हेही सांगते. आऊटबोर्डच्या खालच्या भागात थंड पाणी खेचणारा रबराचा इम्पेलर असतो. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की त्याच्या पात्या वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. मशीन सुरू केलं की त्या तुटतात, तुकडे पाण्याच्या वाटेत अडकतात आणि मशीन तापतं. सिलिंडरमध्ये गंजाचा पातळ थर धरलेला असेल, तर स्टार्टरच्या जोराने पिस्टनच्या रिंगा सिलिंडरची भिंत ओरबाडतात. टाकीतल्या जुन्या पेट्रोलची गत वेगळी. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पुढे पाणी सुटून तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरमध्ये व्हार्निशसारखा चिकटा जमतो.

म्हणून आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं वरचं जड चाक, हाताने हळू फिरवायचं. एकदा वर्सोव्याच्या एका मशीनचं पिस्टन जागचं हलेना. बाबांनी डिझेल आणि तेल मिसळून भरलं, चार दिवस रोज थोडा जोर दिला, पाचव्या दिवशी ते सुटलं. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतो. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर मशीन उघडायचा खर्च किमतीतून वजा करा, असं घेणाऱ्याला सांगतो. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल केला की पाणी जड म्हणून आधी तेच बाहेर येतं, आणि तेल दुधाळ निघालं तर सील गेलं समजा.

2020 साल आम्हाला अवघड गेलं. मार्चपासून टाळेबंदी, मग 3 जूनला अलिबागजवळ निसर्ग वादळ, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. गाळ्याचं भाडं चार महिने थकलं आणि आईने तिच्या पाटल्या पुढे केल्या. घेतल्या नाहीत, पण तेव्हाचा तिचा चेहरा विसरणं शक्य नाही. त्या दोन वर्षांत न हललेल्या बोटी मग एकदम विक्रीला निघाल्या आणि आमच्याकडे रांग लागली. तेव्हा दोन मुलं कामाला ठेवली. दोघंही अजून आहेत, आणि धाकटा आता माझ्याहून चांगलं फायबर लावतो.

कागदांचं काम माझी भावजय बघते. उभ्या बोटीचे कागदही उभेच असतात. नोंदणी दिवंगत वडिलांच्या नावावर, बोट विकतोय एक मुलगा, आणि बाकी भावंडांची संमती नाही. नाहीतर बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला नाही. नोंदणीतला मशीनचा नंबर आणि मशीनवरच्या पट्टीवरचा नंबर जुळला नाही, तर बोट कितीही सुंदर असो, भावजय फाइल मिटते. यापायी चांगले सौदे हातचे गेले, आणि तिच्यावर मी दोनदा चिडलेही. आता चिडत नाही.

आत्ता गाळ्यात 22 फुटी बोट आहे, सहा वर्षं उभी राहिलेली. ट्रान्सम खणखणीत निघाला, डेक मात्र डाव्या बाजूला पायाखाली दबतो. तो पुढच्या आठवड्यात कापायचा. नारळी पौर्णिमेच्या आत पाण्यात उतरवून द्या, असं मालकाचं म्हणणं आहे. मी त्यांना तारीख दिलेली नाही. आत किती ओल आहे ते बघून सांगते म्हणाले. बूच काढून सुतळीने सुकाणूच्या चाकाला बांधलंय, म्हणजे उतरवायच्या दिवशी समोरच दिसेल.