ऐकला नाही, की बोलला नाही

पाच दिवसांचे गणपती काल पोचवले. घर एकदम रिकामं झालंय. गणपतीवर फळा-फुलांची माटोळी टांगतो, तिच्यातली कवंडळं आणि घागऱ्या ही रानफळं उतरवायला मन होत नाही. आंबाडे तेवढे वहिनीने जाताना काढून नेले. खरं तर आज लवकर निजायला हवं होतं. पण परवापासून एक गोष्ट मनातून जात नाही आणि ती कुणाला सांगावी असंही वाटत नाही. म्हणून वही काढली.

तिबोटी खंड्या मला ऐकू येत नाही.

परवा सकाळी सई आणि मी कुळागरात, पोफळी-नारळांच्या बागेत, उतरलो होतो. व्हाळाला, म्हणजे आमच्या ओढ्याला, पाणी चांगलं होतं. ती पुढे, मी मागे, पोफळीच्या झावळ्या चुकवत. एकाएकी ती थबकली आणि म्हणाली, "आत्या, केवढ्याने ओरडतोय गं! कोण हा?" मी कान दिले. पाण्याचा आवाज होता, लांबून कुणाच्या तरी पंपाचा आवाज होता, कुटुरग्याचं कुटर्र-कुटर्र चाललं होतं. मी म्हटलं, कुटुरगा. तर ती म्हणे, "तो नाही गं, तो बारीक आवाजाचा. हा बघ, परत!" आणि तेवढ्यात तो आमच्या दोघींच्या मधून गेला. वितीएवढाही नाही, पोट केशरी-पिवळं, पाठ काळसर निळी, डोक्यावर जांभळी झाक. सई म्हणते तो ओरडतच गेला. मला नुसते रंग दिसले.

ती अजून नक्कल करून दाखवत होती, 'चीईई' असा बारीक आवाज काढून. तिची नक्कल मला ऐकू आली. त्याचा आवाज नाही.

वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, हे मला माहीत आहे. आबांचं तसंच झालं होतं. शेवटच्या वर्षांत त्यांना भारद्वाजाचा 'हुप हुप' स्वच्छ ऐकू यायचा, पण दारातल्या जास्वंदीवरचा शिंजीर त्यांच्यापुरता मुका झाला होता. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. ते काय म्हणायचे ते आज लिहवत नाही.

पेटीच्या उजव्या टोकाच्या चार पट्ट्या मुक्या व्हाव्यात आणि बाकीचं भजन चालू राहावं, तसं हे आहे. भजन चालूच राहतं, म्हणून तर इतकी वर्षं लक्षात आलं नाही. माणसांचं बोलणं मला नीट कळतं, फोन कळतो, कुकरची शिट्टी कळते. कुणी हाक मारली तर मी पहिल्या हाकेला ओ देते. मग काय गेलं ते मला कोण सांगणार?

याच्यापुढचा विचार मला झोपू देत नाही. माझ्या वहीत मागच्या काही पावसाळ्यांच्या पानांवर 'तिबोटी यंदा ऐकला नाही' असं लिहिलेलं आहे. त्याआधीच्या पानांवर दर मृगाला त्याची नोंद आहे. पावसाबरोबर यायचा, व्हाळाच्या मातीच्या दरडीत बीळ कोरायचा, भाद्रपदापर्यंत पिलांना सापसुरळ्या, बेडकं, खेकड्याची पिल्लं भरवायचा आणि पाऊस सरता सरता नाहीसा व्हायचा. मग तो कमी झाला, असं मी इतके दिवस धरून चालले होते. कारणही डोळ्यांसमोर होतं. खालच्या वळणावर दरडीला सिमेंटची भिंत घातली गेली, आणि सिमेंटमध्ये कुठला पक्षी बीळ कोरणार? हे कारण आजही मला खरं वाटतं. त्या वळणावर बिळाला जागा उरलेली नाही, हे कुणीही जाऊन बघावं. पण 'ऐकला नाही' म्हणजे तो बोलला नाही, हे कशावरून? कदाचित तो वरच्या अंगाला, जिथे माती अजून आहे तिथे, दर वर्षी येऊन ओरडून जात असेल आणि मी ओट्यावर बसून त्याच्या नावाने हळहळत असेन.

पक्षी गेला की माझा कान गेला? दोन्ही थोडं थोडं गेलं असेल तर किती-किती? हे वजन करायला काटा कुठून आणू?

डोळ्यांनी पाहिलेल्याबद्दल असा संशय येत नाही. मोरजीला चापोऱ्याच्या मुखाशी थंडीत उतरणारे चिखले आणि कुरव मी पाहून मोजलेले आहेत. कुडचड्याच्या नंदा तळ्याला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, गोव्यातलं ते पहिलंच. तिथे कमळपक्षी पानांवरून चालताना मी डोळ्यांनी बघितलाय. चोडणच्या खारफुटीतले बगळे, किनाऱ्यावरची ब्राह्मणी घार, पडीक खाजनांतलं, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतलं, वाढलेलं गवत आणि त्यातून उठणाऱ्या टिटव्या, हे सगळं दिसणारं आहे. पण आमच्या या बाजूला, पोफळी-नारळ-जायफळांच्या गर्दीत, पक्षी आधी कानाला कळतो. डोळा मागून पोचतो, कधी पोचतही नाही. आबांनी मला पक्षी दाखवले कमी आणि ऐकवले जास्त. पहाटे अंथरुणातच विचारायचे, सांग कोण? मी नाव सांगितलं की पुढचा. माझं सगळं पक्ष्यांचं शिक्षण काळोखात झालं.

आणि आता तेच काढून घेतलं जातंय. दुसरं काहीही गेलं असतं तरी चाललं असतं, असं परवा रात्री वाटलं. गुडघे गेले असते तर ओट्यावर बसले असते, चष्म्याचा नंबर वाढला तर भिंग बदलता येतं. माझ्याकडे फार गोष्टी नव्हत्याच. सगळे आपापल्या गावी, आपापल्या कामात. मला हा व्हाळ होता आणि त्यातले आवाज. त्यातही वरून खाली एकेक जायला लागले तर शेवटी काय, घुबडं? काल आरतीच्या वेळी हे मनात आलं आणि डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, बाप्पा जाणार म्हणून.

आरतीला घुमट होता. तो मला पूर्ण ऐकू आला, छातीत ऐकू आला. दादाचा मित्र वाजवत होता. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित झाली, आता बकऱ्याचं कातडं लावतात, आणि 2019 मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरही झालं. जुनी माणसं अजून म्हणतात, तो नाद नाही. मला नेहमी वाटायचं की नाद तोच असेल, कान म्हातारे झाले असतील. काल तो विचार माझ्याकडेच परत आला. काही असो, घोरपड व्हाळाकाठी जिवंत आहे, मागच्याच महिन्यात उन्हाला पडलेली बघितली, मला तेवढं पुरे आहे.

आज दुपारी सगळे गेल्यावर कानांविषयी वाचत बसले. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, आवाज त्या टिपतात. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी कानातल्या शंखासारख्या नळीच्या तोंडाशी असतात, आणि त्याच आधी झिजतात. माणसाच्या एकदा गेल्या की गेल्या, पुन्हा येत नाहीत. इथवर ठाऊक होतं. पुढचं वाचलं आणि मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. पक्ष्यांच्या पुन्हा उगवतात! 1988 मध्ये कोंबड्यांवर आणि जपानी लाव्यांवर केलेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झालं. मोठ्या आवाजाने कानातल्या पेशी मेल्या, तर काही दिवसांत तिथे नव्या तयार होतात आणि पक्ष्याला पुन्हा ऐकू यायला लागतं. म्हणजे व्हाळावरचा तिबोटी, जास्वंदीवरचा शिंजीर, माडावरचा कावळासुद्धा, यांपैकी कुणीही माझ्यासारखं बहिरं होत जाणार नाही. त्यांचं बोलणं त्यांच्यापुरतं शेवटपर्यंत शाबूत.

मला याचा हेवा वाटायला हवा होता. वाटला नाही. उलट पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. का ते नीट सांगता येत नाही. तो ओरडतो तो त्याच्या मादीसाठी, त्याच्या हद्दीसाठी. आणि ती ऐकते. मी त्या बोलण्यात कधी नव्हतेच, बाजूला उभी होते. बाजूला उभं राहायला अजून कुणी मनाई केलेली नाही.

मग मी आज संध्याकाळी बसून मला काय काय ऐकू येतं तेच नुसतं ऐकलं. कुटुरगा आहे. भारद्वाज आहे. धनेशाची जोडी वडाकडे गेली, त्यांच्या पंखांचा सों-सों आवाज आधी आला, मग ती दिसली. पहाटे शीळकरी कस्तूर असतोच. पावसाळाभर व्हाळावरून शीळ घालत असतो आणि त्याची पट्टी अजून माझ्या टप्प्यात आहे. वैशाखात पावश्या, जूनच्या तोंडाशी आफ्रिकेहून येणारा चातक, दोघंही यंदा वहीत आहेत, 'ऐकला' म्हणूनच आहेत. शिंजीर नाही. त्याची शेवटची 'ऐकला' नोंद कधीची आहे ते मागे जाऊन बघायचं धाडस झालं नाही. उद्या बघेन.

करडा परीट आलाय. चवथीच्या सुमाराला येतो तसा. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून एवढासा जीव येतो आणि थेट आमच्या व्हाळातल्या त्याच दगडावर शेपटी हलवत बसतो. त्याचं चिट्-चिट् मला ऐकू आलं की आठवणीतून आलं, याची मला खात्री नाही. पण बसला होता तो खरा.

वहीचं एक ठरवलंय. जुन्या पानांवर काही खोडायचं नाही. पुढच्या पानांवर 'पाहिला' आणि 'ऐकला' असे दोन वेगळे रकाने, आणि ऐकल्याच्या पुढे कुणी ऐकला ते नाव. परवाच्या तारखेला तिबोटीपुढे सईचं नाव घातलं. तिला फोन करून विचारलं, आवाज नेमका कुठून आला होता? म्हणाली, वरून, जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत ना, त्याच्या वरून. म्हणजे माती आहे त्या अंगाने. उद्या उजाडल्यावर वर जाऊन दरडीत बीळ दिसतं का बघते. पावसात पाय घसरतो तिथे, काठी घेऊन जाईन.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे. फोंड्याला जायचं की पणजीला ते दादा सांगेल. यंत्र लावायला सांगितलं तर लावीन. त्यातून पक्षी कसे ऐकू येतात ते कुणाला विचारावं, हा प्रश्न आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांना बहुधा नातवंडांचं बोलणं ऐकायचं असतं.

सई नाताळच्या सुट्टीत येते म्हणाली. तेव्हा तिला करमळीच्या तळ्यावर न्यायचं आहे. शेजारून कोकण रेल्वे जाते, गाडीचा धडधडाट होतो, तरी अडया, ती लहान बदकं, तिथे थव्याने बसलेल्या असतात आणि उडताना शीळ घालतात. ती शीळ मागच्या हिवाळ्यात मला ऐकू आली होती, तसं लिहिलेलं आहे. यंदा सईला आधी विचारणार नाही. दोघींनी वेगवेगळं लिहायचं आणि मग वह्या ताडून बघायच्या.